टाकी मुरली, आता मासे किती सोडायचे?

शोभेच्या माशांची टाकी मुरवायची कशी, ते मागच्या वेळी सांगितलं होतं. धुतलेली वाळू, स्पंजचा फिल्टर, हवेचा पंप आणि चार ते सहा आठवड्यांचा धीर. आज त्याच्या पुढचं. आमचा गट मासे वाढवतो आणि घरोघरी टाक्या बसवून देतो. त्यात सगळ्यात जास्त वाद होतो तो इथेच. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, पैसे पुरते घेतले, आणि मासे चारच?"

चारच का, ते ऐका. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही तो तयार होतो. अमोनिया म्हणजे माशाला विष. स्पंजवर आणि वाळूवर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं साठलं तरी मासा सोसतो, आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते कमी होतं. टाकी मुरली म्हणजे हे जिवाणू तिथे वसले. पण वसले किती? जेवढं त्यांना खायला मिळत होतं तेवढेच. चार माशांच्या घाणीपुरते जिवाणू असताना वीस मासे सोडले, तर सोळा माशांची घाण पाण्यातच राहणार. ज्यांच्या दारात गोबरगॅस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. नव्या टाकीत एकदम दुप्पट शेण ओतलं तर गॅस वाढत नाही, उलट आतलं आंबतं. आणि हे जिवाणू विरजणासारखे एका रात्रीत वाढणारे नव्हेत.

आता हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साधारण 56 लिटर पाणी बसतं. वाळू आणि वरची मोकळी जागा सोडली तर 45 लिटर धरा. एवढ्यात लहान जातीचे दहा-बारा मासे सुखानं राहतात. पहिल्या खेपेला चार. मग दहा ते चौदा दिवस थांबायचं. मग आणखी चार, पुन्हा तेवढंच थांबायचं. प्रत्येक खेपेनंतर दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी थेंबांच्या किटनं पाणी तपासायचं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तरच पुढची खेप. रंग चढला तर खाद्य निम्मं करा, पाव टाकी पाणी बदला, आणि पुढच्या खेपेचं नाव काढू नका.

सुरुवात गप्पीनं करा. आरोग्य खातं डासांसाठी हौदात सोडतं, त्याच जातीतले हे रंगीत मासे. बोअरच्या जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी खुशीत असतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. गप्पीची मादी महिन्याभरात पिल्लं देते, म्हणजे खेप तुम्ही थांबवली तरी ती थांबवत नाही! पिल्लं नको असतील तर नुसते नर घ्या. एंजलसारखा दादागिरी करणारा मासा शेवटी, कारण जो आधी येतो त्याला सगळी टाकी आपलीच वाटते. त्याला टाकीही जरा उंच लागते, आणि बारकी पिल्लं तो गिळतो. गोल्डफिश या मापाच्या टाकीत नकोच. तो मोठा होतो आणि घाणही फार करतो.

आमच्या ओळखीच्या एका घरी मुलाच्या वाढदिवसाला बाजारातून पंचवीस मासे एकदम आणले. टाकी मुरलेली होती, पाणी आरशासारखं. चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वास घ्यायला लागले. घरच्यांना वाटलं, भूक लागली, म्हणून खाद्य वाढवलं. आमच्या बाया पोचल्या तेव्हा सात उरले होते. खाद्य बंद केलं, रोज थोडं थोडं पाणी बदललं, तेव्हा पाच वाचले. पाणी स्वच्छ दिसणं हा पुरावा नव्हे. अमोनियाला रंग नसतो.

सोडताना घाई नको. दिवा बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, असं तीन-चार वेळा. शेवटी मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी झाडाला घाला. जमलं तर नवा मासा आधी दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. औषध द्यायचं झालं तर तिथेच द्या, कारण मिथिलीन ब्लू फिल्टरमधले जिवाणूही मारतं. टीसीएलचंही तसंच. ग्रामपंचायतीनं विहिरीत पावडर टाकली त्या दिवशीचं पाणी टाकीत अजिबात नको. नळाचं पाणीही उघड्या पिंपात दिवसभर ठेवून मगच वापरा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात पिळा. वीज चार-सहा तास जाणार असेल तर मधून मधून मगानं पाणी वर उचलून ओता. ज्या आठवड्यात वीज फार जाते, त्या आठवड्यात नवे मासे आम्ही देत नाही.

यात गटाचे पैसे अडकतात, हे खरं. विकलेला मासा आणखी महिनाभर आमच्याच टबात राहतो, आमचंच खाद्य खातो. खजिनदार ताई कुरकुरतात. पण ज्या घरी सगळे मासे आठवड्यात मेले, त्या घरी टाकीत पुढे कांदे-बटाटे भरलेले आम्ही पाहिलेत. ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. म्हणून आता पावतीवरच तीन खेपांच्या तीन तारखा लिहून देतो, आणि पाणी तपासायला आमचीच एक बाई जाते. किट विकत घेणार असाल तर बाटलीवरची मुदत बघून घ्या. जुन्या थेंबांनी विष असलं तरी शून्य दिसू शकतं.