पंजा नव्हे, नखी

फौजेत बत्तीस वर्षं काढली. तिथे एक गोष्ट अंगात भिनते : हुकमातला एक शब्द चुकला, तर तुकडी भलत्याच ठिकाणी पोहोचते. निवृत्तीनंतर बडोद्यात एका घारीनं मला हाच धडा पुन्हा दिला.

उत्तरायणाचा दुसरा दिवस. मांज्यात गुंतलेली एक घार आमच्या गच्चीवर पडली. मी टॉवेल टाकला, चोच सांभाळली आणि पाय विसरलो. तिनं माझं मनगटच पकडलं. हात ओढावा तसतशी पकड घट्ट होत गेली. पत्नीनं पक्षी वाचवणाऱ्या एका मुलीला फोन लावला. मी ओरडलो, "पंजा रुतलाय!" ती शांतपणे म्हणाली, "काका, कुठलं नख? मागचं की पुढचं?" मला धड सांगता येईना.

"ओढू नका. तिचा पाय सरळ करा, मग मागचं नख आधी सोडवा." पत्नीनं तसं केलं. हात सुटला.

त्यातलं शास्त्र नंतर कळलं. पाय दुमडला की बोटांपर्यंत गेलेल्या कंडरा ताणल्या जातात आणि बोटं मिटतात. कंडरेवरचे उंचवटे तिच्या आवरणातल्या खाचांत अडकतात, म्हणून फारसं बळ न लावताही पकड टिकते. पाय सरळ झाला की ताण सैल होतो.

आता शब्दाकडे. 'पंजा' फारसीतल्या 'पंज'वरून आला, म्हणजे पाच. घारीला बोटं चारच : तीन पुढे, एक मागे. पंजा म्हणजे अख्खं पाऊल. त्यातलं बाकदार, टोकदार हत्यार म्हणजे नखी. संस्कृतात नखर. इंग्रजी 'टॅलन'चं मूळ लॅटिनमधल्या घोट्यात आहे. फ्रेंचमध्ये त्याची टाच झाली. गरुडाची मागची नखी सर्वांत दणकट असते, हे लक्षात घेतलं की टाच पटते.

नख्याही सगळ्यांच्या सारख्या नसतात. गरुड पायांनी मारतो. ससाणा पायांनी धरतो आणि बहुधा चोचीनं मानेचा मणका तोडतो. गिधाडाच्या नख्या बोथट, कारण त्याला मेलेलंच खायचं असतं.

ती घार सहा आठवड्यांनी उडाली. तुम्हाला जखमी शिकारी पक्षी दिसला, तर कापड टाका, हात लावू नका, जाणकाराला बोलवा. उचलावंच लागलं, तर जाड हातमोजे घाला आणि आधी पाय धरा.

माझ्या मनगटावर चार खुणा आहेत. नातू विचारतो, "पंजाच्या का?" मी म्हणतो, "नख्यांच्या. मोजून बघ."

जय हिंद.