पाण्याकडे पाहून नौका निवडावी

दुकानाच्या काचेआड मांडलेली तांबडी, टोकदार नौका पाहून मुलाचे पाऊल अडते, आणि वडील किंमत विचारण्यापूर्वीच दुकानदार तिचा वेग सांगून मोकळा होतो. ती कोणत्या पाण्यात धावण्यासाठी घडविली आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. मग पहिल्याच रविवारी तळ्यावरच्या वाऱ्यात ती उताणी होते, आणि पगारातून जपून बाजूला काढलेले पैसे पाण्यावर तरंगताना पाहत काठावर उभे राहावे लागते.

तारेवाचून नौका हाकण्याचा हा खेळ तसा जुना आहे. निकोला टेस्ला या संशोधकाने १८९८ साली न्यूयॉर्क येथील एका प्रदर्शनात पाण्याच्या हौदात अशी नौका चालवून दाखविली. आज यंत्रे लहान व स्वस्त झाली; पण पाण्याचे नियम तेच राहिले, आणि त्या नियमांशी प्रथम गाठ पडते ती नौकेच्या तळाची.

सर्वांत शहाणा तळ म्हणजे पाणी बाजूला सारीत जाणारा गोल पोटाचा तळ. मालवाहू जहाजे, मासेमारीच्या नौका, बंदरातील ओढबोटी यांची प्रतिरूपे याच घडणीची असतात. त्यांच्या वेगाला लांबीची मर्यादा असते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने लहान प्रतिरूपे पाण्यातून ओढून हे गणित बसविले. टॉर्की येथील त्याच्या प्रयोगकुंडात १८७२ पासून हे काम चाले. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून पाण्याच्या रेषेवर चौसष्ट सेंटिमीटर भरणारी अशी नौका ताशी सुमारे साडेतीन किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीने, जाते. त्यापुढे मोठी मोटर बसविली तर लाट तेवढी मोठी उठते, वेग फारसा वाढत नाही. याच हिशेबाने पंचवीसपट लहान केलेले जहाज मूळ जहाजाच्या पाचव्या हिश्श्याच्या वेगाने चालविले, की त्याच्या लाटाही खऱ्या दिसतात. नवशिक्याला याहून चांगला गुरू नाही. एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी : मोटर बंद करताच पंख्याचे पाणी सुकाणूवर येईनासे होते आणि नौका ऐकेनाशी होते. काठ जवळ आला की घाबरून मोटर बंद करणारा बहुधा काठावरच आदळतो.

ज्याला वेगच हवा, त्याने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा खोल तळ घ्यावा. ही नौका वेग येताच पाण्यावर चढते, लाट कापते आणि वळताना सायकलस्वाराप्रमाणे आतल्या बाजूस कलते. तिच्यातील काही जाती उलटल्यावर आपोआप सुलट होतात. घेताना हे अवश्य विचारावे. जोडतळी नौका तशी नव्हे. कोकण-गोव्याच्या होडीला उलांडी बांधतात ती ज्या कारणासाठी, त्याच कारणाने ही रुंद बैठकीवर सपाट वळते आणि सहसा कलंडत नाही. पण दोन तळांमध्ये वारा शिरून नाळ उचलली गेली, तर ती पालथी होते, आणि पालथी झाली की पालथीच राहते. याहून वेगवान, पाण्याला जेमतेम स्पर्श करणाऱ्या शर्यतीच्या नौका आरशासारख्या संथ पाण्यासाठी आहेत. नवख्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

तळ कोणताही असो, बॅटरी कोठे बसते यावर निम्मी वागणूक ठरते. वेगवान ‘व्ही’ तळाचा तोल साधारणतः मागून तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असावा. वजन पुढे गेले तर नाळ पाणी नांगरते. मागे गेले तर ती बेडकासारखी उड्या मारू लागते. बॅटरी दोन बोटे सरकवून पाहण्यास काही खर्च येत नाही. दुसरी अडचण हाताची. नौका आपल्याकडे येऊ लागली की डावे-उजवे उलटे होते. तिच्याकडे पाठ करून खांद्यावरून पाहावे, म्हणजे हाताची व तिची उजवी एकच होते. वळणाआधी वेग कमी करावा, वळणात नव्हे. आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात चालवून आणल्यावर ती गोड्या पाण्याने धुतली नाही, तर मोटरीला लवकरच गंज धरतो.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आज ना उद्या बॅटरी संपून किंवा पंख्यात शेवाळ गुंतून नौका मध्यभागी थांबणारच. तळ्याच्या तळाशी गाळ असतो, पाणवेली पायांत अडकतात, आणि पोहता येणारा माणूसही अशा पाण्यात फसतो. मुलाला हे नौका हाती देण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे : तिच्यामागे पाण्यात उतरायचे नाही, नौका गेली तरी चालेल. गळाच्या लांब दोरीला एक टेनिसचा चेंडू बांधून पिशवीत ठेवावा. चेंडू नौकेच्या पलीकडे फेकावा, आणि काठाने चालत जाऊन दोरीचा वेढा तिच्याभोवती घालून हळूहळू ओढावे. दोरी पोहोचत नसेल, तर वारा तिला कोणत्या काठाकडे नेतो आहे ते पाहून तेथे जाऊन बसावे.