बांधावर जाणारे वर्कशॉप

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील ‘माझा व्यवसाय’ या सत्रात केलेले भाषण)



या सत्रात डॉक्टर, वकील, प्राध्यापक बोलून गेले. आता वेल्डरची पाळी. मी आयटीआयचा वेल्डर. सातारच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला नोकरी करतो. दुपारी चारला कोरेगावात घरी येतो आणि त्यानंतर, तसेच रविवारी, घरच्या पिकअपमध्ये वेल्डिंगचे सामान टाकून बोलावणे येईल तिथे जातो. संयोजक म्हणाले, ‘गाडी कशी तयार केलीस ते नीट सांग, कुणाच्या तरी मुलाला उपयोग होईल.’ म्हणून कामाचेच बोलतो.

फिरता कारागीर ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. घिसाडी गावाबाहेर पाल टाकायचे, भाता लावायचे आणि खुरपी, विळे, कुऱ्हाडी ठोकून, धारेला पाणी देऊन परत करायचे. पुढे अवजारे कारखान्यात होऊ लागली. आपल्याच तालुक्यात सातारारोडला कूपरांच्या कारखान्यात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिने झाली. तिकडे औंध संस्थानात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. अवजार मजबूत झाले, तसे जडही झाले. विळा पिशवीत घालून लोहाराकडे नेता येतो. भर शेतात मोडलेला रोटाव्हेटर कसा न्यायचा? तो नेण्या-आणण्यातच दिवस जातो आणि वाफसा निघून जातो. माझा धंदा या एका अडचणीवर उभा आहे.

आता गाडी. पहिला नियम असा की गाडी फक्त वेल्डिंगची करायची नाही. माझे काम अर्धवेळ आहे. हीच पिकअप आमचे आले आणि घेवडा बाजारात नेते, खत आणते. म्हणून केबिनच्या मागे अडीच फुटांत मावेल अशी अँगलची एक चौकट केली. जनरेटर, मशीन, केबल, ग्राइंडर, सगळे त्या चौकटीत. मागचा हौदा क्रेटसाठी मोकळा. पूर्ण गाडी भरायची असेल तेव्हा घरच्या शेडमधल्या चेन पुलीने चौकट उचलून ठेवतो. चौकट बोल्ट आणि पट्ट्यांनी आवळलेली आहे. गाडीच्या चॅसीला एकही टाका मारलेला नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि चॅसीवर वेल्डिंग केले तर तिची ताकदही बिघडते.

दुसरी गोष्ट वीज. शेतातली वीज पाळीने येते, दाब कमी-जास्त होतो. ‘तारेवर आकडा टाकतो, कर सुरू,’ असे कुणी म्हटले की मी हात जोडतो. ती चोरी आहे आणि त्यात जीव जातो. म्हणून जनरेटर. त्याचा हिशेब सोपा आहे. ३.१५ मि.मी. चा रॉड साधारण १२० अँपिअरवर चालतो, ठिणगीपाशी २५ व्होल्ट असतात. म्हणजे तीन किलोवॉट नुसते ठिणगीला. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला की जनरेटरवर पाच केव्हीएच्या आसपास भार येतो. पाचचाच जनरेटर घेतला तर तो कायम धापा टाकणार. मी साडेसातचा डिझेलचा घेतला. धुराचा पाईप बाजूला वळवला, केबिनकडे नाही.

मशीन २०० अँपिअरचे इन्व्हर्टर आहे, एका हाताने उचलता येते. आयटीआयमध्ये आपण ज्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरवर शिकलो, तो हलवायला दोन-तीन जण लागत. हे हलके मशीन आले नसते, तर हा धंदा पिकअपवर बसलाच नसता. केबल मात्र तांब्याची आणि जाड, वीस मीटर घ्या. गाडी बांधावर थांबते, काम सरीत असते. गॅस कटिंगची नळकांडी मी बाळगत नाही. कापायचे ते ग्राइंडरने कापतो.

सामान कुणालाही विकत घेता येते. खरा प्रश्न नाही कधी म्हणायचे, हा आहे. डिझेलचे किंवा औषधाचे रिकामे पिंप मी शिवत नाही. आत वाफ राहिलेली असते. एक ठिणगी पुरते. उसाच्या फडाजवळ आधी पाचट दूर करतो, पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ ठेवतो आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबतो. ठिणगी आत धुमसत राहिली, तर आग मागाहून लागते.

आणि पोरे! वेल्डिंग सुरू झाले की वस्तीवरची सगळी पोरे भोवती जमतात. तेव्हा काही वाटत नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते आणि घरच्यांना कारण कळत नाही. म्हणून गाडीत ताडपत्री आणि चार काठ्या आहेत. आधी आडोसा, मग रॉड.

एक प्रसंग सांगतो. गळीत हंगाम ऐन भरात होता. भरलेली ट्रॉली फडाच्या कडेला उभी, पुढच्या हुकाजवळचे चॅनल तडकलेले. मजूर बसून, तोडलेल्या उसाचे वजन घटत चाललेले. मालक म्हणाले, ‘दादा, वरून दोन टाके मार, कारखान्यावर पोचली की झालं.’ त्यांची घाई खोटी नव्हती. पण तो हूक सातारा-पंढरपूर रस्त्यावर तुटला तर भरलेली ट्रॉली मोकळी सुटते, आणि मागे मोटारसायकलवर नवरा-बायको आणि मूल असू शकते. मी म्हणालो, ‘काका, आधी ऊस उतरवा.’ मजूर चिडले, मालक गप्प झाले. शेवटी ट्रॉली रिकामी झाली.

तडा जिथे संपतो तिथे भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही. ग्राइंडरने तडा खोल उघडला, ओव्हनमध्ये भाजून कोरड्या ठेवलेल्या ७०१८ रॉडने थरावर थर भरला, प्रत्येक थराची खपली काढली आणि वरून पट्टी जोडली. तीन तास गेले. त्या रात्री मालकांनी फक्त पैसे दिले, बोलले नाहीत. हंगाम संपल्यावर त्यांनीच दोन्ही ट्रॉल्या तपासायला बोलावले. आता हूकच तडकला असेल तर मी जोडत नाही, नवा आणायला सांगतो, आणि तेही ऐकतात.

पैशाचे म्हणाल तर फेरीचे वेगळे आणि कामाचे वेगळे घेतो, फोनवरच सांगतो. काम नाही म्हणून परत आलो, तरी फेरीचे घेतो. नाही म्हणण्यासाठी पदरचे डिझेल जाऊ लागले की माणूस हळूहळू हो म्हणायला शिकतो. नोकरी सोडलेली नाही, त्याचाही हाच फायदा आहे. घर पगारावर चालते, म्हणून कच्चे काम नाकारण्याची हिंमत टिकते. अर्धवेळ धंद्याला लोक कमी समजतात; मला त्यातच ताकद वाटते.

गुरुजन इथे आहेत म्हणून एक विनंती. दहावीला कमी गुण पडलेल्या मुलाला ‘जा आयटीआयला’ असे शिक्षा दिल्यासारखे सांगू नका. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा आहे, पण रस्त्यावरून जाणाऱ्या कित्येकांचा जीव त्या हातावर असतो. तिथे हुशार मुले हवीत, मुलीही हव्यात. शाळेने एक दिवस ठरवावा, मी गाडी मैदानात आणतो. काम मी करीन. मुलांनी आडोशामागून काच धरून बघावे आणि हवे तेवढे प्रश्न विचारावेत. तसेच सायकल स्टँडचे पत्रे सुटलेले येताना पाहिले. त्या कामाची ना फेरी लागेल, ना मजुरी.