स्फटिकांची साक्ष

सह्याद्रीचा काळा कातळ फोडून पाहिला, तर त्यातील कण नुसत्या डोळ्यांना बहुधा वेगळे दिसत नाहीत. उलट, सौराष्ट्रातील गिरनार पर्वतावर गॅब्रो नावाचा जो खडक आढळतो, त्यातील खनिजांचे दाणे सहज दिसतात. पाहणाराला हे दोन खडक भिन्न कुळांतले वाटावेत, यात नवल नाही. रासायनिक पृथक्करण मात्र निराळीच साक्ष देते. दोहोंतही सिलिका शेकडा ५० च्या आसपास असते आणि मुख्य खनिजेही तीच, म्हणजे प्लॅजिओक्लेज फेल्स्पार व पायरॉक्सीन. मग हा भेद कशाचा? तो आहे काळाचा.

स्फटिक वाढतो, तेव्हा तप्त शिलारसातील अणू एकेका केंद्राभोवती क्रमाने येऊन बसत असतात. त्याला अवधी लागतो. सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा भूपृष्ठावर पसरला आणि लवकर थिजला. असंख्य केंद्रे एकदम निर्माण झाली, परंतु वाढावयास कोणालाच सवड मिळाली नाही. गिरनारचा शिलारस भूपृष्ठाखालीच अडकून सावकाश निवला, म्हणून तेथे दाणे मोठे झाले.

तेव्हा कणांचा आकार आणि रासायनिक घटना यांचा काहीच संबंध नाही काय? तसेही नव्हे. सिलिका जितकी अधिक, तितका शिलारस चिकट, आणि त्यातून अणूंची हालचाल तितकीच कष्टाची. रायोलाइट खडकात सिलिका शेकडा ७० च्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असते. गुजरातेतील पावागडावर हा खडक आहे. असा शिलारस झपाट्याने थिजला, तर स्फटिक न बनता काचच तयार होते.

कसारा घाटाच्या परिसरातील काही थरांत बारीक कणांच्या काळ्या खडकात फेल्स्पारचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे स्फटिक रुतलेले दिसतात. ते भूगर्भात सावकाश वाढले. त्यांना घेऊन वर आलेला उरलेला रस मात्र बाहेर पडताच थिजला. एकाच दगडात दोन काळ नांदतात ते असे.

म्हणून केवळ दाण्यांवरून खडकाचे कूळ ठरविणे हे धोक्याचे असते. दाणे मुख्यत्वे निवण्याचा इतिहास सांगतात, तर खनिजे मूळ द्रव्याची ओळख देतात. खडकाचे नाव ठरविताना या दोन्ही साक्षी घ्याव्या लागतात.