पहिली निवड

खेळाडूंच्या निवडीत पहिला मान मिळणे हे भाग्य खरे; पण त्या भाग्याबरोबर एक अवघड प्रश्नही येतो. संघात आज जी उणीव आहे ती भरून काढावी, की समोरच्या सर्वांत गुणी खेळाडूला, त्याची आज निकड नसली तरी, आपलासा करावा? अमेरिकन फुटबॉलमध्ये हा वाद दरवर्षी रंगतो. तेथे तळाशी राहिलेल्या संघास नवोदितांतून प्रथम निवड करण्याचा हक्क असतो. आणि जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते, त्या क्वार्टरबॅकसाठी हा हक्क खर्चावा काय, यावर जाणत्यांचे एकमत होत नाही.

दिल्लीपुढे हाच प्रश्न २००८ साली उभा राहिला. भारताच्या १९ वर्षांखालील संघाने नुकताच विश्वचषक जिंकला होता. आयपीएलच्या पहिल्या हंगामासाठी त्या तरुणांची वाटणी झाली, तेव्हा पहिली निवड दिल्ली डेअरडेव्हिल्सच्या वाट्यास आली. विजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली दिल्लीचाच. दिल्लीने मात्र डावखुरा जलदगती गोलंदाज प्रदीप सांगवान याला पसंती दिली आणि कोहली बंगळूरकडे गेला.

हा निर्णय अविचाराचा नव्हता. सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स, दिलशान असे फलंदाज संघात असताना आणखी एक फलंदाज कशाला, हा हिशेब सरळ होता. सांगवानही गुणी होता. पहिल्या दोन्ही हंगामांत दिल्लीने उपांत्य फेरी गाठली. पुढे २०१६ मध्ये कोहलीने एकाच हंगामात ९७३ धावा केल्या, तेव्हा तो हिशेब अपुरा ठरला.

घडून गेल्यावर शहाणपण सुचणे सोपे असते. पण काही खुणा आधीच दिसत होत्या. डिसेंबर २००६ मध्ये वडिलांच्या निधनानंतर काही तासांतच, अठरा वर्षांच्या कोहलीने दिल्लीच्याच कोटला मैदानावर कर्नाटकाविरुद्ध आपला अपुरा डाव ९० धावांपर्यंत नेला होता. मनाचे हे बळ संघातील रिकाम्या जागांच्या यादीत कोठे मांडावयाचे?

अर्थात गुणी खेळाडू लाभला की विजय ठरलेलाच, असेही नाही. अमेरिकेत १९९८ साली दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला रायन लीफ अपयशी ठरला. २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी मात्र अजिंक्यपदांचा धनी झाला. कोहली असूनही बंगळूरला पहिल्या विजेतेपदासाठी २०२५ पर्यंत, म्हणजे अठराव्या हंगामापर्यंत, थांबावे लागले.

तरीही एक भेद उरतोच. गोलंदाजाची उणीव पुढील लिलावातही भरून काढता येते; अशा खेळाडूसाठी पहिला शब्द टाकण्याची संधी बहुधा एकदाच येते. म्हणून पहिली निवड करताना यंदाच्या गरजेबरोबरच पुढील दहा वर्षांचाही विचार व्हावा.