ओट्यावरचे सिंक : एकेरी की दुहेरी?

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत भांडी घासायची ती मोरीत किंवा परसदारी. घासणारी बाई पाटावर बसायची, पितळी भांडी राख आणि चिंचेने उजळायची, विसळलेली भांडी पाटीत पालथी पडायची. मोरीला मापाचे बंधन फारसे नव्हते. परात, हंडा, लग्नकार्याची पातेली, सगळे तिथे मावायचे. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला आणि हे सारे काम दोन फूट रुंदीच्या ओट्यात बसवलेल्या स्टीलच्या चौकोनात येऊन पडले. हा चौकोन एक असावा की दोन, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

बाजारात सहज मिळणारे एकेरी सिंक २४ × १८ इंचाचे असते; दुहेरी ३७ × १८ किंवा ४५ × २० इंचाचे. ही मापे काठासकट असतात. ३७ इंची सिंकचे काठ आणि मधली पट्टी वजा केली की प्रत्येक बाऊलची रुंदी सोळा-सतरा इंचच उरते. चहाचे कप, ताटल्या, कुकर, तवा यांना तेवढी जागा पुरते. अडचण परातीची होते. ज्या घरात रोज ज्वारीची भाकरी थापली जाते, तिथली परात सोळा ते अठरा इंचाची असते. लहान बाऊलमध्ये ती आडवी बसत नाही, तिरकी उभी राहते. चिकटलेले पीठ खालच्या कडेला साचते आणि नळाचे पाणी वरच्या काठावरून उडून थेट घासणारीच्या पोटावर येते. शेवटी परात न्हाणीघरात नेऊन धुतली जाते. दुहेरी सिंक घेऊन मोरीकडेच परतायचे असेल, तर पैसे कशाला घालवायचे, हा प्रश्न रास्त आहे.

त्यानंतर ओट्याची लांबी. आठ फुटी ओटा म्हणजे ९६ इंच. त्यात तीस इंच शेगडीचे. ३७ इंची सिंक बसवले तर उरतात २९ इंच, आणि त्यातच मिक्सर, पाण्याचे पिंप, भाकरी थापायची जागा. २४ इंची सिंक घेतले तर ४२ इंच उरतात. या वाढीव तेरा इंचांत पिठाचा डबा आरामात मावतो. ओटा बारा फुटांचा किंवा इंग्रजी एल आकाराचा असेल, तर ही ओढाताण राहत नाही.

दुहेरी सिंकची शिफारस करताना पाण्याच्या बचतीचा मुद्दा हमखास पुढे केला जातो. एका बाऊलमध्ये साबणाचे पाणी, दुसऱ्यात विसळायचे, म्हणजे नळ सतत वाहता राहत नाही. मूळ पद्धत युरोप-अमेरिकेतली आहे आणि वाहत्या नळाशी तुलना केली तर दावा खराही आहे. साधा नळ पूर्ण उघडला की मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी जाते. दहा मिनिटांत ऐंशी ते शंभर लिटर. पण सोळा इंच लांब-रुंद आणि आठ इंच खोल बाऊल अर्धा भरायला सुमारे १७ लिटर लागतात. दोन्ही बाऊल अर्धे भरले तर ३४ लिटर. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतल्या ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे ३४ लिटर म्हणजे चैन आहे. तिथली गृहिणी दोन टबांत सात-आठ लिटर घेऊन तेच काम उरकते, आणि दुसऱ्या टबातले पाणी झाडाला घालते. हे टब एकेरी सिंकमध्येही ठेवता येतात. शिवाय साचलेल्या पाण्यात विसळलेले भांडे आपल्याकडे पुष्कळांना खरकटेच वाटते. वरून एकदा नळ सोडल्याशिवाय समाधान होत नाही.

दुहेरी सिंकची खरी बाजू वेगळीच आहे. मटण-चिकन वरचेवर शिजते त्या घरात कच्चे मांस एका बाऊलमध्ये धुवावे आणि भाजी, तांदूळ, डाळ दुसऱ्यात, हे आरोग्याच्या दृष्टीने योग्यच आहे. कच्च्या मांसाचे पाणी कोथिंबिरीत मिसळू नये, एवढ्यासाठी मधली पट्टी उपयोगी पडते. एकत्र कुटुंबात एकीने भांडी घासावीत आणि दुसरीने त्याच वेळी भाजी धुवावी, हेही साधते. गौरी-गणपतीत खरकट्या ताटांचा ढीग पडतो, तेव्हा दुसऱ्या बाऊलची किंमत कळते. मागे भांडी घासायची वेगळी मोरी असेल, तर मात्र हे सगळे फायदे तिच्यातच मिळतात.

खोलीकडे दुर्लक्ष होते. ओटा ३३ इंच उंच आणि बाऊल दहा इंच खोल असेल, तर तळ जमिनीपासून २३ इंचांवर येतो. अर्धा तास वाकून घासले की कंबर बोलू लागते. आठ इंच खोली बहुतेकींना सोसते.

पत्र्याचेही पाहावे. गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ : १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज त्याहून पातळ. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते; २०२ मध्ये निकेल कमी करून मँगेनीज वाढवलेले असते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत अतिसिंचनाने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा पट्ट्यात बोअरचे पाणी खारट असेल, तर त्यातले क्लोराइड हलक्या स्टीलला बारीक खड्डे पाडते. ठरलेल्या पैशांत दुहेरी सिंक बसवायचे म्हटले की पातळ, २०२ दर्जाचा पत्रा पदरी पडतो. तेवढ्यातच एकेरी सिंक जाड आणि ३०४ चे मिळू शकते. हा हिशेब जाहिरातीत नसतो.

दुहेरी सिंकचे दोन्ही वेस्ट पाइप खाली एकाच ट्रॅपला जोडतात. ट्रॅप तुंबला की एका बाऊलमध्ये सोडलेले पाणी गुडगुडत दुसऱ्यात वर येते, धुतलेल्या भाजीसकट. सांगलीत नदीकाठच्या वस्तीला आणखी एक दक्षता हवी. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी तळमजल्यावर गटाराचे पाणी पाइपमधून उलटे चढते. सिंक कोणतेही असो, बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्यावा.

ओटा दहा फुटांच्या आत असेल, रोज भाकरी होत असेल किंवा पाणी मोजून वापरावे लागत असेल, तर २४ × १८ चे जाड पत्र्याचे एकेरी सिंक घ्यावे. शेजारी भांडी निथळायला पाटी ठेवावी. बारा फुटांचा ओटा, मांसाहाराचा नित्य स्वयंपाक आणि मागे मोरी नाही, अशा घरी दुहेरी शोभते. पण ते ४५ × २० चे असावे. दुकानात कॅटलॉग उघडण्याआधी घरातल्या सर्वांत मोठ्या परातीचा व्यास टेपने मोजून न्यावा.