रंगवलेल्या पाइपाचा जोड
(जिल्हा शिबिरातील भाषण)



मी कारागीर नाही, शेतकरी आहे. माझा एक जोड निसटला, त्याची हकिकत सांगायला उभा राहिलो आहे.

गेल्या उन्हाळ्यात ठिबकाचा हेडर मी घरीच बसवला. विहिरीवरच्या जुन्या लाइनीचे ६३ मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप पडून होते. उघड्यावरचे म्हणून त्यांना पांढरा रंग दिलेला. रंग देण्यात चूक नव्हती. उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतो, पाण्यात कालवायचा फिका रंग त्याला आडोसा देतो. चूक पुढं झाली. मी त्या रंगावरच सोल्युशन फासलं, कपलर ठोकले आणि मोकळा झालो. रात्री दीडला वीज आली, मोटर सुरू झाली. सकाळी जाऊन बघतो तर दुसराच कपलर निसटलेला, विहिरीचं पाणी सगळं नाल्यात, आणि डाळिंबाची झाडं कोरडी. मे महिन्यात विहीर पुन्हा भरायला किती दिवस लागतात, ते तुम्हाला सांगायला नको.

कपलर उचलून आत बघितलं. आत पांढऱ्या रंगाचं अख्खं कडं चिकटलेलं होतं! जोड पक्का झाला होता, पण कपलरचा आणि रंगाचा. पाइप बिचारा बाहेरच राहिला.

आपण सोल्युशनला डिंक समजतो, तिथंच फसतो. डिंक दोन वस्तूंच्या मध्ये बसतो. सोल्युशन पीव्हीसीलाच विरघळवतं. पाइपाची आणि कपलरची कातडी मऊ होते, एकमेकींत मुरते, आतला द्रव उडून गेला की दोन्ही एकजीव होतात. मध्ये रंग असला तर हे घडतच नाही.

म्हणून कपलर जेवढा आत जाणार तिथं खूण करा आणि तेवढाच रंग काढा. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ साली लागू झाली, आपले पाइप त्याआधी रंगवलेले असतील. कोरडं घासलं तर ती धूळ नाकात जाते. पोरांना जवळ बसवू नका. पाइप दिसला की थांबा. जास्त घासला तर कपलर ढिला होतो. थिनर वापरू नका, त्यानं पाइपच मऊ पडतो. रंग जाळून तर मुळीच काढू नका, पीव्हीसी जळला की निघणारा धूर छातीत आम्ल ओतल्यासारखा आहे. पाचटावर पाइप तापवून तोंड फुगवणारे माझ्यासकट इथं बरेच बसलेत, म्हणून मुद्दाम बोललो.

मग कोरड्या फडक्यानं पुसा, दोन्हीकडं सोल्युशन लावा, पाव फेरा देत आत दाबा आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाइप मागं सरकतो. पाणी चोवीस तासांनी सोडा. मी तेवढी कळ काढली नव्हती, हेही कबूल करतो. राहिलेला उघडा भाग नंतर रंगवा.

आता वासाचं. माझा पुतण्या विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्हजवळचा जोड करत होता. दहा मिनिटांत त्याचं डोकं गरगरायला लागलं, वर ओढून घ्यावा लागला. सोल्युशनची वाफ हवेपेक्षा जड असते, विहिरीत, खड्ड्यात, बंद मोटरघरात खाली साचून राहते. शक्य तेवढे जोड वर, वाऱ्यावर करा. ती वाफ पेटतेही. तेव्हा बिडी आधी विझवा, डबा बंद करा, मग ओढायची तर लांब जाऊन ओढा. स्टार्टरची ठिणगीसुद्धा पुरते.

मी जोडाचे दोन तुकडे आणले आहेत. एक रंगावर केलेला, एक घासून केलेला. दोन्हींना आठ दिवस झालेत. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, पिळून बघा. पहिला तुटला तर तसाच परत द्या, पुढच्या तालुक्यात दाखवायचा आहे.